बटण खात नाही

सोमवार, ३ मार्च

फुकटात मिळालेल्या प्राण्याचा आजचा खर्च: पिंजरा अठराशे, सुक्या गवताची पिशवी साडेतीनशे, दाणे दोनशे ऐंशी, उलटी टांगायची पाण्याची बाटली एकशे वीस. अर्धा दिवस वर्कशॉप बंद राहिलं ते वेगळंच. तार मोजायच्या काट्यावर ठेवून पाहिला, सातशे ऐंशी ग्रॅम भरला. म्हणजे किलोमागे तांब्याच्या चौपट भाव पडला, आणि तांबं निदान भंगारात तरी जातं.

प्राणी म्हणजे गिनीपिग. तपकिरी-पांढरा, एक कान काळा, शेपटीचा पत्ता नाही. वाइंडरबाईंनी दिला. बाई माझ्याकडे सव्वीस वर्षं मोटरींची तार भरतायत. त्यांची मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, जाताना हा आईच्या गळ्यात मारून गेली, आणि आता घरमालकाने नाक मुरडलं.

"शेठ, तुमच्या नातीला न्या," बाई म्हणाल्या. "पोरीचा जीव रमेल."

नात नऊ वर्षांची आहे. मुलगा आणि सून वेगळे होतायत. कागदांवर सह्या होईपर्यंत ती आमच्याकडे, वर्कशॉपवरच्या खोल्यांत. पूर्वी सुट्टीत यायची तेव्हा घरभर गरगर फिरायची, म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचो. या खेपेला आली ती कोपरा धरून बसलीय. जेवण चिवडते आणि बोलते तोंडातल्या तोंडात. आज पिंजरा वर नेला, तर महिन्याभरात पहिल्यांदा दोन-दोन पायऱ्या चढत माझ्यामागे आली. नाव लगेच ठेवलं, बटण.

बटणाने अजून तोंडाला काही लावलेलं नाही. नवखं आहे, होईल सवय.

मंगळवार, ४ मार्च

खालचा वार्निशचा वास जिन्याने वर चढतो. आपल्याला चालतो, एवढ्याशा छातीला चालायचा नाही. म्हणून दुपारी पिंजऱ्याच्या बरोबर वरच्या झरोक्यात हवा बाहेर टाकणारा लहान पंखा बसवला. भंगारातली मोटर, जुनं बेअरिंग, पाती माझ्या हातची. चालू करून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीला आणि मूठ कानाला लावून पाहिली. लोण्यासारखा चालतोय.

ही विद्या मी तेराव्या वर्षी चोरून शिकलो, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारता मारता. आता शिकलेली माणसं मीटर घेऊन येतात, आकडे वाचतात. मी नुसतं ऐकतो. चाळीस वर्षांत माझ्या दारातून गेलेलं एक मशीन तक्रार घेऊन परत आलेलं नाही. बोर्डावर तसं लिहूनच घेतलंय.

भिंगरी पिंजऱ्याजवळ काहीतरी पुटपुटली. हिने, म्हणजे तिच्या आजीने, मला सांगितलं, "ती म्हणते, पंखा बंद करा."

"का?"

"आवाज होतो म्हणते."

"कसला आवाज? बटण वासाने गुदमरलं तर मग मला बोलायचं नाही."

ही आत निघून गेली. हल्ली ही वाद घालत नाही. वय झालं की माणूस निवळतं.

बुधवार, ५ मार्च

सातशे चाळीस. काकडी, ढोबळी मिरची, कोथिंबीर, सगळं समोर मांडलं. साहेब कोपऱ्यात डोकं खुपसून, कान चपटे करून बसलेले. हात लावला तर अंग नुसतं थरथरतं.

दुपारी सव्वा तास वीज गेली. खाली काम थांबलं म्हणून वर आलो, तर बटण बाहेर! काकडीची चकती पुढ्यात धरून कुरतडत होतं आणि भिंगरी जमिनीवर पालथी पडून त्याच्याकडे बघत होती. मी दारातच उभा राहिलो. तेवढ्यात वीज आली, खोलीतला दिवा लागला, आणि हे सुसाट गवतात.

मला खूण पटली. याला अंधार हवा! लगेच दिवा काढून टाकला, पिंजऱ्यावर काळी जाड चादर घातली. कुठल्याही बिघाडाचं असंच असतं, काय बदललं तेवढं बघायचं. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मग वर झरोक्याकडे पाहिलं, आणि आजीजवळ जाऊन बसली.

गुरुवार, ६ मार्च

अंधार करूनही खाल्लं नाही. सातशे आठ. पहाटे मात्र चादरीखाली थोड्या लेंड्या दिसल्या आणि गवताचा एक कोपरा कमी झालेला, म्हणजे सगळे झोपेत असताना काहीतरी खातं. लाजाळू आहे.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण आहेत, पण हात चांगला. त्यांनी दात पाहिले, पोट दाबून पाहिलं.

"दात ठीक आहेत काका. पण या प्राण्याचं पोट सतत चालू लागतं. एक दिवस पूर्ण उपाशी राहिला तर आतडी थांबतात, मग आपल्या हातात फार काही राहत नाही. ही पावडर पाण्यात कालवून सुईशिवायच्या सिरिंजने पाजा, दर तीन तासांनी." मग विचारलं, "घरात याला घाबरवणारं काही आहे का? कुत्रं, मांजर, कसला आवाज?"

मला हसूच आलं. "बाई, आवाज ओळखणं हाच माझा धंदा आहे. सुई पडली तरी सांगेन, कुठल्या नंबरची."

भिंगरी माझी बाही ओढत होती. म्हटलं, थांब, मोठी माणसं बोलतायत.

परत येताना तिने वाटेत एकच विचारलं. दोनदा विचारावं लागलं तिला, इतकी हळू बोलते. "मेलं तर माझ्यामुळे का?"

"छे! अगं, आजोबा कशाला आहेत?"

शुक्रवार, ७ मार्च

सहाशे पंच्याऐंशी. सिरिंजने पाजलेलं निम्मं हनुवटीवरून खाली येतं. भिंगरी टॉवेलात गुंडाळून धरते आणि मी पाजतो. तीन तास कसे येतात आणि जातात कळत नाही. एवढ्याशा जिवाने नाकी नऊ आणलेत.

मला युक्ती सुचली. त्याच्या जुन्या जागेतला वासाचा कपडा आणला तर त्याला घर वाटेल. दुपारी बाईंना म्हटलं, "जरा घरी जाऊन याचं जुनं फडकं घेऊन या." बाईंनी बाकावरच्या ब्लोअरकडे पाहिलं. लाँड्रीच्या सुकवणी यंत्राचा मोठा ब्लोअर, आठ दिवस आमच्याकडे होता.

"हा बांधून मग जाते, शेठ."

"हा कुठे पळून जातोय? बटण जाईल. निघा तुम्ही."

आमच्याकडे मशीन मी ऐकायचं, पास झालं की खडूने खूण करायची आणि चहाला वर यायचं. पुसणं, गोणपाटात बांधणं बाईंचं काम. त्यासाठी रोज उशिरापर्यंत थांबतात, सांगावं लागत नाही.

बाई गेल्या आणि लाँड्रीवाला टेम्पो घेऊन दारात. ग्राहक खोळंबलेत, कपडे ओले पडलेत, डोकं खाऊ लागला. तो टेम्पो मागे घ्यायला गेला आणि मी ब्लोअर चालू केला, स्क्रू-ड्रायव्हर लावला. माझ्या दोन फिटरांनी एकमेकांकडे पाहिलं. खर्जात घुमत होता, एकसारखा. खूण केली, दोन्ही फिटरांनी उचलून टेम्पोत चढवला.

बाई फडकं घेऊन आल्या आणि रिकामा बाक बघून थबकल्या.

"ब्लोअर गेला? मी येईपर्यंत थांबायचं ना शेठ."

"का, निरोप द्यायचा होता?"

फिटर हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या बसवायला मीच जाते."

"तुम्हीच जाता की नेहमी."

फडक्यावर बटण बसलं. खाल्लं नाही.

शनिवार, ८ मार्च

बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठा राहील की नाही, सांगत नाहीत.

अकराच्या सुमारास झालं. मी वर बटणाला पाजत होतो. फोन माझ्या खिशात होता. ही स्वयंपाकघरातून धावत आली, "अहो, सहा वेळा वाजला, घ्या की!" खिशात गवत भरलेलं, त्याखाली दबला असणार.

आणखी लिहवत नाही.

रविवार, ९ मार्च

इस्पितळात आत सोडलं नाही. बाहेर बाकावर लाँड्रीवाला भेटला. तो उठून उभासुद्धा राहिला नाही.

म्हणाला, "बटण दाबल्या क्षणी किंचाळायला लागला तुमचा ब्लोअर. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. बाई ओरडल्या, बंद करा, बंद करा! माझा माणूस बटणाकडे पळाला, तेवढ्यात ह्यांनी बेअरिंग किती तापलंय बघायला हात पुढे नेला. जाळी अजून लावायची होती. बेअरिंग जाम झालं, पात्यांचं चाक सरकलं आणि..."

"माझ्याकडून निघाला तेव्हा ठीक होता," मी म्हटलं.

"एका रात्रीत बिघडला?"

"टेम्पोत आदळला असेल."

 टेम्पो त्याचाच होता.

बटण सहाशे साठ. आज भिंगरीनेच एकटीने पाजलं. 

मंगळवार, ११ मार्च

कारखान्यांचे तपासनीस आले होते. सभ्य गृहस्थ, चहा घेतला नाही. माझा जबाब लिहून घेतला. मशीन तपासून, सुस्थितीत पाठवलं. जाळी लावण्याआधी चालू करणं ही बसवणाऱ्याची चूक. हे मी म्हटलं. खोटं त्यात काही नाही, जाळी नव्हतीच.

त्यांनी विचारलं, "तपासलं कोणी?"

"मी. कानाने."

त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि "कानाने" असंच लिहिलं.

गेल्यावर ही म्हणाली, "बसवणाऱ्याची चूक ठरली तर बाईंना भरपाई मिळणार नाही ना?"

"तुला कायद्यातलं काय कळतं?"

आज तिने ताट वाढलं आणि उठून गेली. निवळली होती ती कुठे गेली कोण जाणे.

बटण सहाशे पंचेचाळीस. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आणखी घटलं तर तयारी ठेवा. फोन हिच्याकडे होता. हिने भिंगरीला सांगितलं नाही, पण पोरगी भिंतीला कान लावून होती. तिने सगळं ऐकलं.

बुधवार, १२ मार्च

हे नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी वर आलो तर पंखा बंद. भिंगरी पिंजऱ्यापुढे मांडी घालून बसलेली, चादर काढून टाकलेली, खोलीत लख्ख ऊन. आणि बटण त्या उन्हात बसून गवत खातंय. काडी तोंडात धरली की सरसर आत जाते, यंत्रात तार जावी तशी.

मी विचारलं, "पंखा कोणी बंद केला?"

 भिंगरी उठली, स्टुलावर चढली आणि पंख्याचं बटण दाबलं. पंखा फिरला. गिनीपिग उडालं आणि कोपऱ्यात डोकं खुपसून थरथरू लागलं. तिने पंखा बंद केला. आम्ही दोघं थांबलो. दोन-तीन मिनिटांनी ते बाहेर आलं, वास घेतला, काडी उचलली. तिने पुन्हा चालू केला. पुन्हा कोपरा. असं तिने तीनदा केलं, तोंडातून एक शब्द न काढता, मी गिऱ्हाइकाला बिघाड दाखवतो अगदी तसं. तिसऱ्यांदा तिने स्वतःच्याही कानांवर हात ठेवले होते.

मी स्क्रू-ड्रायव्हर आणला. पंखा चालू, टोक मोटरीला, मूठ कानाला. मऊ, एकसारखा, लोण्यासारखा. दुसऱ्या कानाने, तेच.

पंखा उतरवून खाली नेला आणि बेअरिंग खोललं. ग्रीसचा टिपूस नाही. गोळ्या निळ्या पडलेल्या, कडीवर नखाला लागेल असा चर. असं बेअरिंग किती उंच किंचाळतं हे मला ठाऊक आहे. तेराव्या वर्षापासून ठाऊक आहे.

तुकडे बाकावर मांडून ठेवले. ही खाली आली. तिला विचारलं, "तुला ऐकू येत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मागे एकदा बोलले होते, कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता." मग म्हणाली, "पोरगी रोज पहाटे उठून पंखा बंद करायची. तुमची चाहूल लागली की परत चालू करायची. तुम्ही हाताने बनवलाय, तुम्हाला वाईट वाटेल म्हणाली."

म्हणजे माझ्या पंख्याने जे चालवलं होतं, ते ती रोज पहाटे तासभर थांबवत होती. तेवढ्यावरच ते जगलं.

शुक्रवार, १४ मार्च

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी दाबत होतो. मग बराच वेळ काही आलंच नाही. वाटलं, यंत्र बंद पडलं. काचेपलीकडे बघितलं तर तो माणूस कळा फिरवतोच आहे.

कागदावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ जाते आणि मग विहिरीत पडावी तशी खाली. दोन्ही कान सारखेच. खालचे सूर शाबूत, वरचे गेले. डॉक्टर म्हणाले, "एका दिवसात नाही होत हे. दहा-बारा वर्षं झाली असतील. यंत्रांमध्ये काम करणाऱ्यांचं असंच जातं, वरून खाली. खालचं ऐकू येत राहतं म्हणून त्यांना वाटतं, सगळंच येतंय."

"परत येतं?"

"नाही."

तिथूनच तपासनीसांच्या कार्यालयात गेलो आणि तो कागद टेबलावर ठेवला. जबाब बदलला. मशीन सदोष पाठवलं, बसवणाऱ्या बाईंची चूक नाही, चूक माझी. त्यांनी सांगितलं, याचा अर्थ वर्कशॉपचा परवाना थांबेल, चौकशी लागेल. म्हटलं, लिहा.

सही करताना घाम फुटला होता. उगाच मोठेपणा कशाला लिहू? मंगळवारी जो जबाब दिला तोही याच हाताने दिला होता, आणि त्या दिवशी घाम फुटला नव्हता.

बटण सहाशे ऐंशी. पंख्याच्या जागी झरोक्याला ओली चादर लावलीय, वास अडतो.

भिंगरी म्हणते, तुम्ही जिना चढायला लागलात की ते ओरडतं, खालच्या वर्कशॉपपर्यंत जातो आवाज. मी पिंजऱ्यासमोर बसून पाहिलं. काळा कान हलतो, तोंड उघडतं, मिटतं, उघडतं. अंग मागे-पुढे होतं. एवढं दिसतं.

रविवार, १६ मार्च

आज आत सोडलं. बाईंचा हात कोपरापर्यंत बांधलेला, उशीवर ठेवलेला. अंगठा राहिलाय, पण वाकणार नाही. तार भरायची तर अंगठ्यानेच ताण द्यावा लागतो. 

"खातं का?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"खातंय. सातशे दहा झालं."

"ओरडतं? आमच्याकडे पिशवी नुसती वाजली की घर डोक्यावर घ्यायचं."

"भिंगरी म्हणते, ओरडतं."

बाईंनी मान हलवली. मी कानांचं सांगितलं, जबाबाचं सांगितलं. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या.

"परवाना जाईल ना शेठ? फिटरांचं काय?"

"लाँड्रीवाल्याच्या मेव्हण्याचं वर्कशॉप आहे, तिकडे लावून देतो दोघांना. तुमचं काय करायचं ते..."

"ते नंतर बघू."

 मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्हाला फडकं आणायला पाठवलं नसतं तर बांधताना तरी तुम्ही ऐकलं असतं."

"बांधताना नाही. चालू करून ऐकायचे मी. तुम्ही चहाला वर गेलात की."

मला कळलं नाही. माझा चेहरा बघून त्या ओशाळल्या, जणू चोरी त्यांचीच पकडली गेली.

"तुमची खूण झाली की परत चालू करायचे. शिट्टी आली तर खोलायचे, बेअरिंग बदलायचे आणि मग बांधायचे. खूण पुसायची नाही एवढं सांभाळायचे."

"मला सांगायचंत."

"सांगितलं होतं एकदा. सगळ्यांपुढे. तुम्ही म्हणालात, बाई, तुमचेच कान वाजतायत. फिटर हसले, गिऱ्हाईकही हसलं." त्यांनी हाताखालची उशी सरळ केली. "मीही हसले. काय करणार?"

"कधीपासून हे?"

"झाली दोन वर्षं."

"किती मशिनं?"

"जाऊ द्या ना शेठ."

मी पुन्हा विचारलं. परिचारिका वेळ संपली म्हणून दारात येऊन उभी राहिली होती. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण बाईंचं ऐकू आलं, कारण त्यांनी ते माझ्याकडे तोंड करून, सावकाश सांगितलं.

एकोणीस.